मुंबईत युरॉलॉजिस्ट: बाबांना कुणाकडे आणि कसं न्यावं?

खाडीपलीकडचा | ९ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वडील ७१ वर्षांचे. आई-बाबा दोघंच गिरगावात चाळीत राहतात, मी डोंबिवलीला. गेलं दीड वर्ष बाबा आमच्याकडे येईनासे झाले. आधी महिन्यातून एकदा तरी फेरी व्हायची. आता बोलावलं की गुडघा, पाऊस, आईला बरं नाही, काहीतरी निघतं. माझ्या किंवा बायकोच्या तोंडून काही गेलं असेल आणि ते दुखावले असतील, असं मी मनात धरून बसलो होतो.

मागच्या रविवारी आईने सांगितलं. बाबा रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठतात. संडास सामाईक, गॅलरीच्या टोकाला. इतक्यांदा दार वाजलं तर शेजाऱ्यांना कळेल म्हणून घरातल्या मोरीतच जातात आणि वरून तांब्याने पाणी ओततात, अगदी हळू, आईला जाग येऊ नये म्हणून. आई जागीच असते. चर्नी रोड ते दादर आणि तिथे गाडी बदलून डोंबिवली, हा प्रवास त्यांना झेपत नाही, कारण लोकलमध्ये सोय नाही. शेवटच्या खेपेला ते कुर्ल्याला आणि ठाण्याला दोनदा उतरले होते. आम्हाला म्हणाले, गाड्या लेट होत्या.

धार बारीक झाली आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही थेंबथेंब येत राहते. दोन वर्षांपूर्वी खालच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली होती. त्यात 'ग्रेड २ प्रोस्टेटोमेगॅली' लिहिलंय. तो कागद बाबांनी कपाटात साड्यांखाली ठेवला होता. आईजवळ एकदाच म्हणाले, "उगाच टाटाला पाठवतील."

मुंबईत चांगला युरॉलॉजिस्ट कोण? शक्यतो गिरगाव ते दादर पट्ट्यात. पहिल्या भेटीत काय होतं, खर्च किती, आणि बाबांना तयार कसं करायचं, यातलं जे माहीत असेल ते सांगा.

मेधा_दादर | १० जुलै, सकाळी ७:१५

तुमचं वाचून सकाळी सकाळी गलबलून आलं. माझे बाबा असेच होते. त्यांनी पाणी पिणं कमी केलं होतं, म्हणजे जावं लागणार नाही. उलट लघवी घट्ट होऊन उन्हाळे लागायचे आणि त्रास दुप्पट. तुमच्या बाबांनीही पाणी तोडलं आहे का, ते आईला विचारा.

आणि खर्चाचा प्रश्न असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या चारही ठिकाणी युरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून सकाळी लवकर केसपेपर काढायचा. आम्ही पालिकेच्याच रुग्णालयात केलं सगळं. जाताना बाबांसोबत एक पुरुष माणूस न्या, हे मात्र आग्रहाने सांगते. मी सोबत होते तोवर बाबा डॉक्टरांना "तसं बरं आहे" एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या खेपेला भाऊ गेला तेव्हा खरं बोलले.

संपादक मंडळ | १० जुलै, सकाळी ९:०५

डॉक्टरांची नावं, फोन नंबर धाग्यात देऊ नयेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

डॉ_मुलुंड | १० जुलै, दुपारी ३:२०

मी जनरल सर्जन आहे, युरॉलॉजिस्ट नाही. पण असे पेशंट रोज पाहतो आणि पुढे पाठवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'टाटा'बद्दल, कारण बाबांचे पाय तिथेच अडलेत. प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेभोवती बसलेली. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असते, वय वाढतं तशी बहुतेकांची वाढते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. दोन्ही वेगळे आजार आहेत. एकाच माणसात दोन्ही असू शकतात म्हणून तपासून बघायचं, एवढंच. 'ग्रेड २' या शब्दालाही भिऊ नये. तो आकाराचा अंदाज आहे, कॅन्सरची पायरी नाही. आणि आकार व त्रास यांचं गणित जुळत नाही. २५ सीसीच्या ग्रंथीने लघवी तुंबलेली पाहिली आहे आणि ८० सीसीची घेऊन आरामात फिरणारे आजोबाही पाहिले आहेत.

डॉक्टर निवडताना पदवी पाहा. एमएस केल्यानंतर युरॉलॉजीत एमसीएच किंवा डीएनबी. पुष्कळ लोक चुकून नेफ्रॉलॉजिस्टची वेळ घेतात. ते किडनीच्या आजारांवर औषधोपचार करतात, डायलिसिस बघतात. बाबांच्या तक्रारीसाठी युरॉलॉजिस्टच हवा.

जाण्याआधी एक काम करा. तीन दिवसांचा लघवीचा तक्ता. स्वयंपाकघरातला आकडे असलेला प्लास्टिकचा मग घ्यायचा, प्रत्येक वेळी त्यात लघवी करायची आणि वहीत वेळ व मिलिलिटर लिहायचं. काय आणि किती प्यायले तेही. रात्रीचं वेगळं. बाबा मोरीत जातात म्हणता, तर हे फारच सोपं आहे. यातून जे कळतं ते सोनोग्राफीतही कळत नाही. रात्री दर वेळी थोडी थोडीच होत असेल तर मूत्राशय किंवा प्रोस्टेटकडे बोट जातं. दर वेळी ३००-४०० होत असेल तर शरीर रात्री जास्त लघवी तयार करतंय. त्याची कारणं निराळी: मधुमेह, पायावरची सूज, संध्याकाळी घेतलेली रक्तदाबाची पाण्याची गोळी, घोरताना श्वास अडकणं. अशा माणसाला प्रोस्टेटच्या गोळ्या देत बसलं तर रात्र तशीच राहते.

पहिल्या भेटीत सात प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतील, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. बाबांनाच भरू द्या. लघवी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्तचाचणी) आणि साखर तपासतील. बहुधा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजारांत जिचा आकडा वाढतो ती रक्तचाचणी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते तेही मोजतात. युरोफ्लो म्हणजे यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची, धारेचा वेग कागदावर उमटतो. निदान १५० मिली झाली तरच तो आलेख विश्वासाचा.

गुदद्वारातून बोटाने तपासतील. हे बाबांना घरीच सांगून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण अचानक सांगितलं की माणूस संकोचाने गोठतो.

खाडीपलीकडचा | १० जुलै, रात्री १०:५०

डॉक्टर, मनापासून आभार. तक्त्याचं आईला सांगितलं. मेधाताई, बरोबर आहे, बाबांनी संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केलंय.

अनघा_पार्ले | ११ जुलै, सकाळी ११:३०

सोनोग्राफीबद्दल एक. तिथे "भरपूर पाणी पिऊन थांबा" सांगतात आणि रांग लांबली तर मूत्राशय टम्म फुगतं. मग लघवी करून आल्यावरही नेहमीपेक्षा जास्त शिल्लक दिसते. माझ्या सासऱ्यांची १८० मिली आली होती, सगळे हादरलो. पुढच्या आठवड्यात, लघवी लागली तशी लगेच तपासून घेतली तर ४०. आकडा फार वाईट आला तर पुन्हा करून घ्या.

अवांतर: युरॉलॉजिस्ट फक्त पुरुषांचा, हा समज काढून टाका. माझी आई खोकली, शिंकली की लघवी सुटायची. लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं तिने. स्त्रीरोगतज्ज्ञांनीच युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवले, चार महिन्यांत पुष्कळ फरक पडला.

निवृत्त_लेखनिक | ११ जुलै, दुपारी ४:००

गोखरूचा काढा घ्यावा का? मी घेतोय. वय ६६. पीएसए ६.२ आला आहे, मुलाला सांगितलेलं नाही.

डॉ_मुलुंड | ११ जुलै, रात्री ९:१०

काका, काढ्याचं नंतर बघू, आधी पीएसएचं. ४ च्या वर गेला की कॅन्सर असं नसतं. लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, नुकतीच घातलेली लघवीची नळी, यांनीही तो वाढतो. पण ६.२ घेऊन घरी बसायचं नाही. लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघणारी तपासणी), मग संसर्ग नसताना पीएसए पुन्हा. तपासणीआधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळायचे. तरी वरच राहिला तर युरॉलॉजिस्ट प्रोस्टेटचा एमआरआय सांगतील आणि त्यात काही दिसलं तर बायोप्सी. आणखी एक विचारतो: केस गळतात किंवा प्रोस्टेटसाठी म्हणून फिनास्टेराइड वा ड्युटास्टेराइड घेताय का? ती गोळी सहा महिने घेतली की पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणजे कागदावरचा ६ हा खरा १२ धरावा लागतो. डॉक्टरांना हे सांगितलं नाही तर ते फसतात. मुलाला सांगा. आजच सांगा.

निवृत्त_लेखनिक | ११ जुलै, रात्री ९:४५

गोळी घेत नाही. सांगतो.

वसईचा_वारा | १२ जुलै, सकाळी ८:३०

माझं वय ६४, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. आधीचा अनुभव वाईट. एका खाजगी इस्पितळात (नाव लिहीत नाही) डॉक्टरांनी सोनोग्राफी उघडली, "साठ सीसी आहे, पुढच्या आठवड्यात लेझर करून टाकू" म्हणाले. रात्री किती उठतो, धार कशी आहे, एकही प्रश्न नाही. बोटाने तपासणी नाही. मी पंधरा वर्षं मधुमेही, तेही मलाच सांगावं लागलं. कागद घेऊन उठलो.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा चाळीस मिनिटं दिली. टॅमसुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करणारी गोळी, सुरू केली, पुढे ड्युटास्टेराइड. नऊ महिने बरं चाललं. नंतर दोनदा संसर्ग झाला आणि शिल्लक वाढत गेली, तेव्हा ते स्वतःच म्हणाले की आता ऑपरेशन करू. म्हणून पटलं.

ऑपरेशनआधी काय विचारावं ते लिहितो, मला कुणी सांगितलं नव्हतं. 'लेझर' हे एका शस्त्रक्रियेचं नाव नाही. टीयूआरपीत दुर्बिणीतून ग्रंथी आतून तासतात. होलेपमध्ये लेझरने ग्रंथीचा वाढलेला भाग सोलून काढतात, मोठ्या ग्रंथीला ते चांगलं पडतं, रक्तस्रावही कमी. काही लेझर ग्रंथी जाळून तिची वाफ करतात. मग तपासणीला पाठवायला तुकडाच उरत नाही. तेव्हा "काढलेला भाग बायोप्सीला जाणार ना?" हे विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं, आपल्या मनाने नाही.

आणि हे स्पष्टच लिहितो, कारण पुरुष विचारत नाहीत. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं, बहुतेकांचं. संबंधात बाकी अडचण येईलच असं नाही. काही गोळ्यांनीही, विशेषतः सिलोडोसिनने, असंच होतं. माझ्या मेव्हण्याने घाबरून, कुणाला न सांगता गोळी बंद केली आणि चार महिन्यांनी नळी लागली. डॉक्टरांनी आधी एक वाक्य सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं.

दोन आठवड्यांनी लघवीत पुन्हा थोडं रक्त आलं, खपली सुटते म्हणे. पाणी पीत राहिलो, थांबलं. वजन उचलू नका, कुंथू नका.

मेधा_दादर | १२ जुलै, सकाळी १०:२०

वसईकर दादा, इतकं मोकळं लिहिलंत, फार उपयोग होईल.

लालबागकर | १३ जुलै, संध्याकाळी ६:४५

धाग्यात रक्ताचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या सासऱ्यांना एकदा लघवी लाल झाली. दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ. सगळे म्हणाले, उष्णता. सब्जा, वाळ्याचं पाणी दिलं. चार महिन्यांनी पुन्हा. तेव्हा दुर्बिणीने पाहिलं, मूत्राशयात गाठ. तीस वर्षं विडी ओढत होते. न दुखता रक्त आलं तर एकदाच आलं असलं तरी त्याच आठवड्यात दाखवा. आम्ही चार महिने घालवले ते आजही खातात मला.

डॉ_मुलुंड | १३ जुलै, रात्री ८:००

लालबागकर, शब्दशः अनुमोदन.

खाडीपलीकडचा | २० जुलै, दुपारी १:१५

काल रात्रीचं लिहितोय. तक्ता पूर्ण झाला होता, रात्री दर वेळी ८०-१०० मिलीच. गुरुवारची वेळही घेतली होती. पण पावसाने बाबांना सर्दी झाली आणि त्यांनी केमिस्टकडून नाक मोकळं करणारी गोळी आणून दोन दिवस खाल्ली. काल रात्री साडेबारानंतर लघवी पूर्ण बंद. ओटीपोट दगडासारखं. नळ सोडून बसले, आईने गरम पाण्याची पिशवी दिली, काही नाही. दोन वाजता आईचा फोन.

मी डोंबिवलीत. मी फोनवर एकच धोशा लावला होता की गुरुवारची वेळ घेतलीय त्याच डॉक्टरांच्या इस्पितळात न्या. शेजारच्या खोलीतल्या दादांनी ऐकलं नाही. त्यांनी आणि आणखी तिघांनी बाबांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं आणि सर्वात जवळच्या कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवरच्या मुलीने, असेल पंचवीस-सव्वीसची, दहा मिनिटांत नळी घातली. ९०० मिली निघाली. मी पोचलो तेव्हा बाबा झोपले होते, दादा बाहेर बाकावर बसून होते. मला म्हणाले, "आम्हाला रात्री पाण्याचा आवाज यायचा रे. विचारायला हवं होतं."

डॉ_मुलुंड | २० जुलै, दुपारी २:३०

दादांनी अगदी योग्य केलं. लघवी तुंबली की जवळची कॅज्युअल्टी गाठायची. नळी घालायला युरॉलॉजिस्ट लागत नाही, आणि त्या वेदनेत माणसाला मुंबईभर फिरवायचं नसतं.

सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि त्यातलंच अँटिहिस्टामिन मूत्राशयाचा जोर कमी करतं. साठीपुढच्या, धार बारीक झालेल्या माणसाने त्या केमिस्टकडून परस्पर घेऊ नयेत.

आता टॅमसुलोसिन सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून बघतील. पुष्कळांची लघवी सुरू होते. नाही झाली तर पुढचा विचार. गोळी घेऊन झटकन उठू नये, चक्कर येते. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीचं आधी सांगायचं, बाहुलीवर परिणाम होतो. आणि पीएसए आत्ता करू नका, उगाच मोठा आकडा येईल. सहा आठवडे जाऊ द्या.

अनघा_पार्ले | २० जुलै, दुपारी ३:१०

नळीची पिशवी कायम कमरेच्या खाली राहील असं बघा, झोपतानाही. आणि बाबांचं वय ७१, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत इस्पितळातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. मात्र इस्पितळ योजनेत असायला हवं आणि ओपीडीचा खर्च त्यात येत नाही. महात्मा फुले योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतात, तेच दोन्हीचं सांगतात. नवीन मेडिक्लेम घेणार असाल तर लक्षात ठेवा, मोतीबिंदू, हर्नियासारखाच प्रोस्टेटलाही बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो.

खाडीपलीकडचा | २४ जुलै, रात्री ९:५५

तिसऱ्या दिवशी नळी काढली. चार तास वाट पाहिली. झाली. बाबा बाथरूममधून बाहेर आले आणि मला नुसती मान हलवून दाखवली.

निवृत्त_लेखनिक | ६ सप्टेंबर, सकाळी १०:००

मुलाला सांगितलं होतं. कल्चरमध्ये संसर्ग निघाला, औषधाचा कोर्स झाला, काल पीएसए पुन्हा केला, ३.४. सहा महिन्यांनी परत बोलावलं आहे. काढा बंद केला आहे. डॉ. साहेबांना नमस्कार.

खाडीपलीकडचा | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

धागा वर आणतो. खाली बाबा सांगतायत तसं टाइप करतो.

"मी याचा वडील. माझ्याबद्दल एवढ्या लोकांनी वेळ काढून लिहिलं, ते मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं. सुरुवातीला मला राग आला होता की घरातली गोष्ट बाहेर का सांगितली. आता नाही.

पीएसए ३.१ आला. प्रोस्टेट ४८ सीसी, शिल्लक ६० मिली. सध्या ऑपरेशन नको म्हणाले. दोन गोळ्या आहेत, दुसरीचा गुण यायला सहा महिने लागतील असं आधीच सांगितलं आहे. डॉक्टर तरुण आहेत. माझी तक्त्याची वही त्यांनी पानं उलटून पूर्ण वाचली. बँकेत पस्तीस वर्षं मी लोकांची खातेवही अशी वाचली आहे, म्हणून मला ते लगेच कळलं.

रात्री आता दोनदा उठतो, कधी एकदा. गॅलरीच्या टोकाला जातो. शेजारच्यांनी परवा तिथला दिवा बदलून मोठा लावला.

आज डोंबिवलीला आलो आहे. घाटकोपरला लागल्यासारखं वाटलं होतं. बसून राहिलो."